भोपळ्याच्या वाटीतली आंबील

ज्वारी पोटऱ्यात आली की माझ्या जिभेवर आंबिलीची आंबट चव येते आणि तिच्यासोबत हाड मोडल्याचा आवाज. दोन्ही एकदम येतात. मला ते अजून वेगळे करता आलेले नाहीत. परवा पालमहून परभणीला येणाऱ्या एसटीत मी खिडकीशी बसले होते. दोन्ही बाजूंच्या शेतांत कडब्याच्या कोपी, बुटक्या झोपड्या, उभ्या राहायला लागल्या होत्या. कुणी मेढी रोवत होतं, कुणी बैलगाडीतून पेंड्या उतरवत होतं. येळवस चार दिवसांवर आली होती. शेजारची बाई मांडीवर पिशवी घेऊन वालाच्या शेंगा निवडत होती. मला म्हणाली, "औंदा लय किडक्या हायत बघा शेंगा." मी हो म्हणाले, आणि तेवढ्यात माझ्या कानात तो आवाज झाला. वाळलेली तुराटी कट्कन मोडते. ओली मोडताना आतून चरकत जाते. माणसाचं हाड ओलं असतं.

ऋतूवर लिहायचं तर हळुवार लिहा, असं मला एकदा एका संपादकांनी सांगितलं होतं. मी ऋतूवरच लिहिते आहे. आमचा हा ऋतूच हळुवार नाही, त्याला मी काय करू? त्याला धार असते. ज्वारीचं पान हातावरून नुसतं सरकलं तरी पांढरी रेघ उमटते आणि दोन क्षणांनी त्या रेघेत रक्त भरतं. थंडीनं टाचा फुटतात. हरभरा खुडणाऱ्या बायकांच्या बोटांच्या चिरांत त्याची आंब शिरते आणि मग त्या बायका हरभऱ्याला, मालकाला आणि नवऱ्याला एकाच दमात शिव्या देतात. पहाटे पिकात रानडुकरं घुसतात आणि एका फेरीत अर्धा एकर लोळवून जातात. माझे थोरले चुलते तात्या यांनी एकदा बांधावर फासात अडकलेलं डुक्कर कुऱ्हाडीनं मारलं. मी सात वर्षांची होते, त्यांच्या धोतराला धरून उभी. पहिल्या घावात ते मेलं नाही. मी डोळे मिटले तसे तात्या म्हणाले, "डोळे उघड बाई. पिकाला मया लावायची तर हे बी बघाय लागतंय." मग त्यांनी रक्ताचा हात मातीत पुसला, मला खांद्यावर घेतलं आणि घरापर्यंत गाणं म्हणत आले. त्या खांद्यावरून मला आमचं सगळं शिवार दिसलं होतं. इतक्या उंचावरून मी पुन्हा कधी काही पाहिलेलं नाही.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली. त्या दिवशी गावाला कुलूप लागतं आणि सगळे शेतात जातात. कडब्याच्या पेंड्यांची कोप उभारायची, आत पाच दगड मांडून त्यांना चुना-कुंकू लावायचं. ते पांडव. रानातल्या पालेभाज्या, ओल्या शेंगा, तुरीचे हिरवे दाणे असं सगळं बेसनात एकत्र शिजवलेली भज्जी. बाजरीचे उंडे, म्हणजे उकडलेले गोळे, गव्हाची खीर. आणि रंगवलेल्या मडक्यात आंबील, ज्वारीचं पीठ ताकात आंबवून केलेली, लसणाच्या वासाची. आधी पांडवांना निवद, मग तीच आंबील लिंबाच्या डहाळीनं पिकावर शिंपडत शेताला फेरा, मग जेवणं. वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून बोलावतात. आमच्या भागातला सगळ्यात देखणा दिवस आहे हा. मी तसं लिहूनही दिलं होतं, आणि इंग्रजीत.

लिहिणं आमच्या घरात पत्रकांमुळे आलं. माझे वडील, अण्णा, प्राथमिक शाळेत मास्तर. शाळा सुटली की ते पत्रकं लिहायचे: मोर्चांची, परिषदांची, गावोगावच्या सभांची. गुलाबी, हिरवा, पिवळा पातळ कागद, बोटांना लागणारी शाई. घरात दुसरं छापील फारसं काही नव्हतं, म्हणून मी वाचायला शिकले ती पत्रकांवरच. जातीची उतरंड फोडून काढा. विषमतेच्या मुळावर घाव घाला. पेटून उठा, गाडून टाका, चिरडून टाका. इतर पोरी चिमणी-कावळ्याच्या गोष्टी वाचत होत्या त्या वयात घाव, आग आणि रक्त हे शब्द मला पाठ होते, आणि त्या शब्दांनी कुणाचं नखसुद्धा तुटलेलं मी पाहिलं नव्हतं. एक आधीच सांगून ठेवते. त्या पत्रकांतली ओळ न् ओळ मी आजही खरी मानते. पुढचं वाचून कुणी म्हणेल की पोरगी निवळली. मी निवळलेली नाही.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना एका संस्थेचा उपक्रम आला. परदेशी तरुण सहा आठवडे जिल्ह्यातल्या घरांत राहणार, आणि पुढच्या वर्षी आमच्यातले काही तिकडे जाणार. संस्कृतीची देवाणघेवाण असं फलकावर मोठ्या अक्षरांत होतं. पाहुण्यांसाठी गावाची माहिती देणारं पत्रक लिहायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. मी एका बैठकीत लिहून काढलं. त्यात एक वाक्य होतं: 'येळवशीच्या दिवशी आमच्या गावात कुणीही परकं नसतं, सगळे एका पंगतीला बसून जेवतात.' तोवर मी वीस येळवशी पाहिल्या होत्या. वीसही वेळा किसनकाका पंगतीत नव्हते. तरी ते वाक्य लिहिताना माझा हात एकदाही अडखळला नाही.

किसनकाका आमच्या तात्यांचे सालगडी, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारे. वस्ती गावाबाहेरची, दलितांची. गावातलं दहा वर्षांचं पोरगंही त्यांना "ए किसन्या" म्हणून हाक मारतं. मी काका म्हणायचे आणि तेवढ्यावर स्वतःवर खूश असायचे. येळवशीची कोप तेच बांधायचे. मेढी तेच तोडणार, पेंड्या तेच आवळणार, पांडवांसाठी नदीतून गुळगुळीत दगड तेच वेचून आणणार. कोप उभी राहिली की ते वाकून बाहेर यायचे, आणि मग दिवसभर आत जायचे नाहीत. बांधावरच्या बाभळीखाली ते आणि त्यांची बायको रुक्मिणमावशी बसायची. त्यांचं वाढलेलं तिकडे जायचं, त्यांच्याच डब्यात, वरून सोडलेलं. सण साजरा होतोय इतकंच मला दिसायचं.

आमच्या वाट्याला लूसिया आली, कोलंबियातल्या डोंगराळ भागातली. बावीस वर्षांची, माझ्याहून बुटकी, हात मात्र पुरुषासारखे. पहिल्याच दिवशी तिनं आईच्या हातून विळा घेतला आणि गवताचा भारा कापून दाखवला. आई म्हणाली, "ही कशाची फॉरेनर, ही तर आपल्याच गल्लीतली दिसायलीय." ठेचा खाऊन तिच्या डोळ्यांतून पाणी आलं तरी ताटातला संपवूनच उठली. तात्या तिच्यावर खूश. रोज संध्याकाळी येऊन ओट्यावर बसायचे आणि मला मध्ये घालून तिच्याशी गप्पा मारायचे.

"पावणीबाई, तुमच्याकडं जमीन हाय का नुसता डोंगरच?"

मी इंग्रजीत सांगितलं तशी ती म्हणाली, "डोंगरावरच शेती. पाय घसरला की माणूस थेट खालच्या शेजाऱ्याच्या घरात."

तात्या मांडीवर थाप मारून हसले. "म्हंजी शेजाऱ्यासंगं भांडायची सोयच न्हाई म्हणा की!"

मी हे तिला सांगितलं, पण ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी लवकर वाळलेली तूर बडवायला गेलो. तुरीच्या पेंड्यांवर काठ्या घालताना मध्येच थांबून तिनं सांगायला घेतलं. तिच्या मावशीच्या गावात एका सकाळी हत्यारं घेतलेली माणसं यादी घेऊन आली. यादीतलं घर कोणतं ते गावातल्याच एकानं दाखवलं. त्या घरातले तीन पुरुष अंगणातच मारले. दाखवणारा कोण होता ते मावशीनं खिडकीतून पाहिलं होतं. पुढे कित्येक वर्षं तो माणूस तिच्या दारावरून जाताना नमस्कार करायचा आणि ती उलट नमस्कार करायची. तिनं कुणाला सांगितलं नाही. "आजही ती भाजी चिरायला बसते ना, तर पाठ भिंतीला लावून बसते," लूसिया म्हणाली.

मी विचारलं, "तुला त्या माणसाचा राग येतो?"

"मावशीचा जास्त येतो." मग तिनं काठी उचलली, दोन तडाखे घातले आणि म्हणाली, "नाही, तेही खरं नाही. मी तिच्या जागी असते तर काय केलं असतं हे मला माहीत नाही, त्याचा येतो."

मी तिला त्या दिवशी मोठं व्याख्यान दिलं. अन्यायाविरुद्ध गप्प बसणं हाही अन्यायच, वगैरे. सगळं अण्णांच्या पत्रकांतलं. ती शांतपणे ऐकत होती. मला वाटलं, तिला पटतंय.

येताना तिनं आमच्या घरासाठी भेट आणली होती. वाळलेल्या भोपळ्याची अर्धी कवटी, बाहेरून कोरलेली, आतून गुळगुळीत. त्यांच्याकडे मक्याची आंबवलेली पेज असते, आमच्या आंबिलीच्या जवळपासची. शेतातलं मोठं काम असलं की ती अशा वाटीत भरतात आणि एकच वाटी सगळ्यांत फिरते. मालक, मजूर, म्हातारी, पाहुणा, सगळे तिच्यातच पितात. कुणाला वगळलं तर तो भांडणाचा पुकारा समजतात. आणि सगळ्यांत फिरून झाली की पहिल्या माणसानं पुन्हा एक घोट घ्यायचा, म्हणजे फेरा पुरा झाला. अण्णा हे ऐकून भारावले होते. म्हणाले, "बघ, याला म्हणतात समतेची संस्कृती. यावर लिहिलं पाहिजे."

येळवशीच्या दिवशी हवा काचेसारखी होती. ज्वारी कमरेच्या वर गेली होती, करडईला काटे आले होते. कोपीत पांडव मांडले होते. अण्णा तीन दगडांच्या चुलीपाशी, आई आणि चुलती भाकरी-उंड्यांच्या टोपल्यांपाशी, तात्या निवदाच्या तयारीत. आंबिलीचं मडकं पांडवांसमोर ठेवलेलं. लूसियानं मडक्यात डोकावून वास घेतला आणि तिचा चेहरा असा उजळला की मला वाटलं ती रडणार. तिनं पिशवीतून भोपळ्याची वाटी काढली आणि मडक्यात बुडवली.

चुलती ओरडली, "अगं बया, निवद व्हायचाय अजून!"

तात्यांनीच तिला आवरलं. "असू दे, लेकरू हाय. तिला काय ठावं. पांडव काय तिच्यावर रागवायले व्हय?" आणि त्यांनी हसून तिच्या हातून वाटी घेतली. पहिला घोट तात्यांनीच घेतला. मग आईनं, चुलतीनं नाक मुरडत, अण्णांनी डोळे मिटून, मी. वाटी फिरत होती आणि मला अभिमानानं छाती फुटेल असं झालं होतं. माझं वाक्य खरं व्हायला लागलं होतं.

लूसियानं वाटी पुन्हा भरली आणि कोपीबाहेर निघाली. ती कुठे जातेय हे मला कळलं. मी तिच्या मागे गेले. बाभळीखाली किसनकाका बिडी विझवून उभे राहिले. तिनं वाटी पुढे केली. ते मागे सरले. "न्हाई, न्हाई. ताई, सांगा तिला. आमचं मागनं हाय."

लूसियानं माझ्याकडे पाहिलं. "ते का घेत नाहीत? माझं काही चुकलं का?"

इथे मी खरं सांगू शकत होते. एक वाक्य पुरलं असतं. पण तसं सांगायचं तर माझं पत्रक खोटं ठरत होतं, आणि तेही परदेशी पाहुणीसमोर. मी किसनकाकांना म्हणाले, "प्या काका. काही होत नाही."

"तात्या बघायलेत."

"बघू देत. मी आहे ना."

रुक्मिणमावशी खाली बसूनच म्हणाली, "नका घेऊ वो." पण ते प्याले. माझ्या शब्दावर प्याले. घोट घेताना त्यांचे डोळे कोपीकडे होते. मावशीनंही ओठ लावल्यासारखं केलं. मग लूसिया वळली, रिकामी वाटी घेऊन कोपीत शिरली, ती तशीच मडक्यात बुडवली आणि भरलेली वाटी दोन्ही हातांनी तात्यांच्या पुढे धरली. फेरा पुरा करायला. ती हसत होती.

तात्या त्या वाटीकडे पाहत राहिले. पाहुणीवर हात उचलता येत नाही, एवढं त्यांचं त्यांना पक्कं होतं. त्यांनी वाटी हातानं बाजूला केली, मेढी तोडायला आणलेली कुऱ्हाड कडब्याशी टेकवलेली होती ती पात्याकडून धरली आणि बाहेर आले.

"किसन्या, माजलास व्हय रं? देवाच्या मडक्याला बाटवतोस?"

पहिला दांडा पाठीवर बसला. किसनकाका खाली वाकले. "मालक, ताईनं सांगितलं," एवढंच ते म्हणाले. दुसरा दांडा चुकवायला त्यांनी उजवा हात वर केला आणि तो आवाज झाला. तिसरा बसला तेव्हा ते ज्वारीत पडले होते. त्यांच्या अंगाखाली ताटं मोडत होती आणि तात्या ओरडत होते की ऊठ, माझं पीक नासवू नकोस. रुक्मिणमावशी त्यांच्यावर आडवी पडली, तिलाही एक बसला. लूसिया तिच्या भाषेत किंचाळत धावली आणि दांड्याला लोंबकळली. तात्यांनी तिला नुसतं झटकलं तशी ती कोपीच्या तोंडाशी जाऊन आपटली. पांडव कलंडले, मडकं फुटलं, आंबील मातीत शिरली.

मी पाच पावलांवर होते. 'मी आहे ना' असं म्हणाले होते. मी होतेही. ती पाच पावलं मी टाकली नाहीत. अण्णा चुलीपाशी उभे होते, चेहरा आमच्याकडे, हातात फुंकणी. इतकी वर्षं जे पेटून उठा म्हणून लिहीत होते ते अण्णा.

लूसियानंच दोन तुराट्या मोडून, डोक्याचा रुमाल फाडून त्या हाताला बांधल्या. शेजारच्या शेतातल्या एकाच्या मोटारसायकलवर मध्ये किसनकाका, मागे त्यांना धरून मावशी. जाताना मावशी मला म्हणाली, "तुमच्या पावणीला गाव दाखवायचा व्हता न्हवं? दाखवलाव."

दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेची गाडी आली. परदेशी मुलांनी स्थानिक वादात पडू नये असा नियम होता. समन्वयक बाई लूसियाला समजावत होत्या आणि ती मान हलवत होती. मी सगळं पाहिलंय, मी सांगणार, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. पण तिकीट, परवाने, तिच्या घरचे फोन, असं करत तिचं सामान गाडीत गेलं. निघण्याआधी तिनं माझं माहितीपत्रक पिशवीतून काढलं आणि त्या वाक्यावर बोट ठेवलं. "हे तू लिहिलंस?"

"हो."

"तुला माहीत होतं?"

मी पत्रकाची घडी घालून ते तिच्या पिशवीत परत ठेवलं. तिला माझा राग आला असेल तर तो तिनं दाखवला नाही. एवढंच विचारलं, "आता तू सांगशील?"

"हो," मी म्हणाले. ताबडतोब म्हणाले, सभेत हात वर करावा तसं.

आणि त्यानंतर अकरा दिवस मी सांगितलं नाही.

त्या अकरा दिवसांबद्दल मला लिहायची इच्छा नाही, म्हणूनच लिहिते आहे. किसनकाकांनी फिर्याद दिली होती आणि साक्षीदार म्हणून माझं नाव सांगितलं होतं. तात्या, चुलती आणि आई, तिघांचं ठरलं होतं: तो घसरून पडला. राहिले अण्णा आणि मी. मी अण्णांना म्हणाले, तुम्ही सांगा. तुमचा शब्द लोक मानतात.

अण्णा चष्मा पुसत म्हणाले, "मला दिसलं नाही. मी पाठमोरा होतो, चुलीकडे."

"अण्णा, तुम्ही बघत होतात."

"बाई, मी जे लिहिलं ते सगळं खरं हाय. पर तो भाऊ हाय माझा. आई-बाप गेल्यावर त्यानं मला शिकवलं. त्याला तुरुंगात घालायला मी जाऊ?"

"मग किसनकाकांचा हात?"

"त्याचा इलाज आपण करू. जन्मभर बघू त्यांच्याकडं. पर कागदावर नको."

आयुष्यभर सगळं कागदावर मांडणारा माणूस म्हणाला, कागदावर नको. दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीपाशी गेले तर बंबातून निघणारा धूर हिरवट होता. अण्णा पाटावर बसून पत्रकांचे गठ्ठे सोडत होते आणि एकेक मूठ बंबात घालत होते. मला पाहूनही थांबले नाहीत. त्या पाण्यानं त्यांनी अंघोळ केली आणि शाळेत गेले. मी त्या दिवशी त्यांच्याशी जे बोलायचं थांबवलं ते फारसं पुन्हा सुरू झालेलं नाही.

मग तात्या आले. ओरडले नाहीत. माझ्यासमोर खाली बसले, टोपी काढली आणि माझ्या पायांपाशी ठेवली. "बाई, तुला खांद्यावर बसवून येळवस दावली मी. एका गड्यासाठी चुलत्याला बेड्या घालतीस?" मला रडू आलं. खोटं कशाला सांगू, मला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं. माझ्या तोंडून निघालं, "तात्या, तुम्हीच का नाही सांगत, की मारलं म्हणून?" त्यांनी टोपी उचलली, झटकली, डोक्यावर घातली आणि उठता उठता माझ्या कानशिलात दिली. डाव्या कानात अजून थंडीच्या दिवसांत शीळ वाजते. त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं, याची लाज मला त्या तडाख्यापेक्षा जास्त आहे. त्यांनी मारलं म्हणून मला त्यांच्या विरुद्ध जाणं सोपं झालं. किसनकाकांना मारलं तेवढं मला पुरलं नव्हतं.

त्याच दुपारी मी दवाखान्यात गेले. वाटलं होतं, मी साक्ष देणार म्हटल्यावर किसनकाकांना बरं वाटेल. त्यांचा हात प्लास्टरात, खाटेच्या कडेला बसलेले. मी बोलत राहिले, माफी, न्याय, लढा. त्यांनी मला संपवू दिलं. मग म्हणाले, "ताई, तुमी पी म्हणलाव, मी पेलो. मला तहान नव्हती लागली. तहान तुमाला लागली व्हती."

मावशी डब्याचं झाकण लावत होती. तिनं वरही पाहिलं नाही. "साक्ष द्यायची तर द्या. आमच्यावर उपकार म्हणून देऊ नका."

तिथून मी पोलीस ठाण्यात गेले आणि जबाब दिला. घरातून बाहेर पडले ती परभणीतच राहिले, शिकवण्या घेते, लिहिते. पुढच्या वर्षी लूसियाच्या देशात जाणाऱ्यांत माझं नाव होतं, ती जागा मी सोडली. दुसऱ्या देशाची संस्कृती समजून घ्यायला मी कोणत्या तोंडानं जाणार होते? ती आली होती तेव्हा तिच्या एका वाटीनं मला माझा देश समजला होता. तिच्याकडची माणसंही एकमेकांचे गळे कापतात, आमच्याकडचीही. फरक मला एवढाच कळला की तिला तिच्या गावातलं रक्त माहीत होतं. आणि मी आमच्या रक्तावर रांगोळी काढून तिला दाखवली होती.

काल माझी साक्ष झाली. दोन वर्षं लागली या दिवसाला. तात्या समोर उभे होते, खंगलेले, जामिनावर सुटलेले. मी पाहिलेलं सांगितलं. मग त्यांचे वकील उठले.

"किसनला प्यायला कुणी सांगितलं?"

"मी."

"त्याची प्यायची इच्छा होती?"

"नव्हती."

"तुम्ही आग्रह केला नसता तर काही घडलं असतं?"

"त्या दिवशी नसतं घडलं."

"आणि जबाब द्यायला अकरा दिवस. का?"

"घाबरले होते."

"कुणाला?"

"घराला."

वकील न्यायाधीशांकडे वळून म्हणाले की प्रकार साक्षीदाराच्या चिथावणीमुळे घडलेला आहे. मी म्हणाले, "साहेब, मी सांगितलं म्हणून ते प्याले. ती माझी चूक. ते प्याले म्हणून आरोपीनं, म्हणजे माझ्या सख्ख्या चुलत्यानं, त्यांना कुऱ्हाडीच्या दांड्यानं मारलं आणि हात मोडला. तो त्यांचा गुन्हा. किसनकाकांची चूक कुठंच नाही. सगळं लिहून घ्या." न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं आणि टंकलेखकाला सांगितलं, घ्या.

निकाल अजून लांब आहे. अण्णांचं नाव बचावाच्या साक्षीदारांत आहे, त्यांची पाळी पुढच्या तारखेला.

बाहेर व्हरांड्यात किसनकाका बाकावर बसले होते. तो हात आता कोपरात सरळ होत नाही. मी शेजारून निघाले तसे म्हणाले, "काय काय बोललाव आत?"

"जे झालं ते."

"माझी चूक न्हाई म्हणून बी लिवलं का त्यांनी?"

"लिहिलं, काका."

"दावा."

"कागद आत राहतो. नक्कल मिळायला वेळ लागेल."

"मंग तोंडी सांगा. जसं बोललाव तसंच."

मी सांगायला लागले. मी प्या म्हणाले तिथपासून. माझा आवाज बारीक येत होता. आजूबाजूला वकील होते, पक्षकार होते, चहावाला होता, आणि दहा पावलांवर खांबाला टेकून तात्या उभे होते, त्यांच्या पलीकडे अण्णा.

"आवाज चढवा ताई," किसनकाका म्हणाले. "त्यायला बी ऐकू जाऊ द्या."

मी पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली, आवाज चढवून.